सातवा महिना

मगदूमांकडं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात,
म्हणून मी साडेपाचलाच जिना उतरले.
सांगायचं वाक्य तीन दिवस तोंडात होतं
कच्च्या सुपारीसारखं.

भूपालअण्णा ताट धुऊन पाणी पीत होते.
म्हटलं, अण्णा, जूननंतर जमायचं नाही.
ते काही बोलले नाहीत.
कपाटातून करार काढला, पिशवीत घडी घातलेला,
चष्मा पुसला, आणि कलम नऊ
स्तोत्रासारखं एका सुरात वाचलं:
अकरा महिन्यांच्या आत जागा सोडल्यास
एका महिन्याचे भाडे अनामतीतून वजा.
खाली माझीच सही.
शेवटच्या अक्षराला ऐटीत शेपूट काढलेली,
डिसेंबरातली, नोकरी होती तेव्हाची.

बारा वर्षं मी मार्केट यार्डात
हळदीच्या पट्ट्या लिहिल्या.
तोलाई, हमाली, आगाऊ उचल,
आणि तळाशी, दोन रेघांच्या मधे, राहिलेलं.
समोरचा माणूस त्या आकड्याकडं बघत राहायचा,
मी पुढचा कागद ओढायची.
बोटं पिवळी. पोरगी म्हणायची,
आई, तुझ्या हातची भाकरी पण पिवळी.
जानेवारीत दुकानात प्रिंटर आला.
शेठ म्हणाले, बाई, तुमच्या अक्षराला तोड नाही,
आणि पगार दिला दहा तारखेपर्यंतचा.

आता माझी पट्टी.
काकूंनी कॅलेंडरचं पाठकोरं पान पुढं केलं.
अनामत वीस हजार.
वजा साडेसहा, कलम नऊ.
वजा साडेसहा, जूनचे, द्यायचे राहिलेले.
वजा लाईट, आठशे चाळीस.
वजा भिंतीतली भोकं, आठ,
खिळ्यामागं वीस रुपये.
भोकं मीच मोजली होती. मीच सांगितली.
राहिले सहा हजार.
दोनदा तपासलं, कुठं तरी चुकलं असावं म्हणून.
अण्णांचं काही चुकलं नव्हतं.

बुधगावातनं मावशीचा फोन:
सातव्यात बाई माहेरी येतीच की, ये तू.
मागची खोली झाडून ठेवलीया.
मी हसले. स्वरांजलीला कळलं नाही,
ती शाळेच्या बसचं विचारत होती.

दुसऱ्या दिवशी अण्णा वर आले, दारातच उभे,
हातात पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा, मार्कर.
तेवढी पाटी लिहून जावा की.
फ्लेक्सवाला तीनशे मागतोय.

लिहिलं. दोन खोल्या भाड्याने देणे आहे.
नळाला रोज पाणी.
(पहाटे पावणेपाचला येतं, ते राहू दिलं.)
अण्णा म्हणाले, पुराचं पाणी चढत नाही, हे ठळक घ्या,
सांगलीत आधी तेच विचारतात.
ठळक घेतलं. खोटं नव्हतं.
मी इथनं कोरड्या पायानंच चालले होते.

भाडं?
सात हजार घाला.

मार्कर थोडा वेळ हवेत राहिला.
मग सात काढला, तीन शून्यं काढली,
एकाच उंचीची, यार्डात काढायची तशी,
आणि सवयीनं खाली दोन रेघा ओढल्या.

हे कशाला?
म्हटलं, तुमचा नंबर लिहा की तिथं.