दिवा लागला की

डॅशबोर्डवर तो लागतो, पिवळा,
चौकोनी डबीत ठिपके ठिपके,
आणि घरी येऊन मी पहिला फोन मर्लला करतो:
दिवा लागलाय. क्वॉर्नला यायचंय का?

गावातल्या गावात फिरून ही गाडी आजारी पडते.
टपाल, बेकरी, पाण्याचा पंप, परत घर.
इंजिन तापायच्या आत किल्ली बंद.
फोर बाय फोर, नद्या ओलांडायला घेतलेली,
आणि आमच्या नदीत नऊ वर्षांत घोटा बुडेल इतकं पाणी नाही.
मग पोटातल्या नळकांड्यात काजळी धरते.
ती जाळायला लागतो मोकळा रस्ता,
काटा ऐंशीच्या वर, अर्धा तास, न थांबता.
नाहीतर नवा फिल्टर, सहा हजार डॉलर,
असं ॲडलेडचा माणूस फोनवर म्हणाला.
उंटावरून शेळ्या हाकणारा.
इथे उंट खरेच आहेत; त्यांना विचारलं असतं
तर स्वस्तात पडलं असतं.

तर असं. दिवा लागला की गावाला गाडी मिळते.
मर्ल नॉस्के, वय शहाऐंशी, डोळ्यांच्या औषधासाठी.
शाळेतून काढलेला कोरी, कशासाठी ते सांगत नाही.
एकदा एनिडच्या दोन कोंबड्या,
खोक्यातून, बहिणीकडे.
डिझेलचे पैसे कुणी देत नाही, लिंबं देतात.
आणि "पुढच्या वेळी कधी जाणार, पॅस्को?"
असंही आता कुणी विचारत नाही.
विचारतात, "किती साठलंय?"

बाराव्या किलोमीटरला ती मनावर घेते.
आवाज जाडावतो, डिझेलचा काटा उतरायला लागतो,
इस्त्री कपड्यावर विसरल्यासारखा वास.
"लागलं बघ जळायला," मर्ल म्हणते,
दूध उतू चालल्यासारखं.
मग तिच्या आईचे कंदील निघतात,
रेल्वेच्या चाळीतले सात,
त्यांच्या काचा वर्तमानपत्रानं पुसायच्या,
आणि काळ्या हातांनी जेवलं तर फटका.
चाळ गेली, रूळ गेले.
उजव्या हाताला एक धुराडं तेवढं उभं आहे, दगडी,
घर नसलेलं.
"इथे दोन मिनिटं थांब."
"मधेच थांबलं की अर्धवट राहतं, मर्ल."
"बरं."

चार वर्षं हे असं.
थांब. अर्धवट राहतं. बरं.

या फेब्रुवारीत ती काहीच म्हणाली नाही.
धुराडं आलं, गेलं,
आरशात लहान झालं.
पुलापाशी तिनं विचारलं,
"अजून आलं नाही का रे?"

मी म्हणालो, "अजून नाही."
आणि गाडी वळवली.
मागे कोरीनं तोंड उघडलं,
मी आरशातून पाहिलं, त्यानं मिटलं.

गवतात थांबवायची नाही.
गाडीखाली सहाशे अंश,
आणि गवत तर नुसत्या नजरेनं पेटेल असं.
खडीची उघडी जागा शोधली.
किल्ली काढली तरी पंखा फिरतच राहिला,
धापा टाकत, चिडून.

कोरीनं तिचा कोपर धरला.
तिनं दगड चाचपले, चुलीचं तोंड सापडलं,
हात आत घातला, खांद्यापर्यंत,
आणि बोटं बाहेर काढून माझ्यापुढे धरली.
"आहे का?"
होती.
सत्तर वर्षांची काजळी, कुणी न जाळलेली.
"आईची," ती म्हणाली,
कोरीनं हसू नये म्हणून जरा रागानंच.

क्वॉर्नच्या पाटीपाशी तिनं विचारलं,
"दिवा विझला का?"
"नाही."
"बरं झालं," म्हणाली,
आणि बोटं पुसली
माझ्या सीटच्या नव्या कव्हरला.