ओ कुणी द्यायची

महापेला सातव्या मजल्यावर
फळ्यावर मी एक चौकोन काढते,
त्याच्या पोटात आणखी एक.
बाहेरचा वेष्टण, आतला ऐवज.
आता कुणी टिंब देऊन विचारलं, नाव?
आणि नाव दोघांनाही असलं,
तर ओ कुणी द्यायची?

बेन्नूर म्हणाला, बाहेरच्याने.
दारात तोच उभा असतो.
त्याला ठाऊक नसेल तेव्हाच आत विचारावं.
चहा गार होत होता,
नियम एका ओळीत बसत होता.
लिहून टाकला.

शनिवारी बाबांना घेऊन बेलापूरच्या दवाखान्यात.
अर्धांगाला चौदा महिने झाले.
नाव? जोमा तांडेल, मी म्हटलं.
वय? एकाहत्तर.
राहणार? दिवाळे कोळीवाडा, जेटीच्या मागे.
काम? होडी होती. विकली.
झोप? लागते.
दुखतं कुठे?
याचंही उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.
"मी त्यांना विचारतेय."

पंखा. बाहेर पुढच्या नंबराचा खोकला.
चिखलात बसलेली होडी
भरती आली की आधी एकाच अंगाने उचलते,
तसे बाबांचे ओठ.
"दुखत नाय," ते म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने,
"कंटाला येतो."

सोमवारी मी तो नियम पुसला.
टिंब आता सरळ आत जातं.
वेष्टणाशीच काही काम असेल
तर दोन टिंबं द्या,
थोडी कटकट होईल, होऊ दे.
बेन्नूर म्हणाला, आत जाऊन यायला वेळ लागतो.
मी म्हटलं, लागतो.
आणि आत कुणी नसेलच तर?
तर बाहेरच्याने ओ द्यायची नाही.
तिथेच अडायचं, मोठ्याने,
सगळ्यांना कळेल असं.

आडनावाचं मात्र अजून ठरत नाही.
ते दोघांचं एकच आहे.
फळ्यावर त्याभोवती गोल करून ठेवलाय,
सफाईवाल्या मावशींना सांगितलंय, एवढं पुसू नका.

संध्याकाळी घरी फोन लावला.
आईने उचलला.
मी विचारायच्या आधीच म्हणाली,
बरे आहेत, जेवले, पेज घेतली,
तू नको काळजी करूस.
मी म्हटलं, आई,
फोन आत दे.