दोरीच्या अलीकडे

नियम साधा आहे. चाकाला हात फक्त चालवणाऱ्याचा.
बापानं दोरीच्या अलीकडे उभं राहायचं.
बोललेलं चालतं.

संध्याकाळचे पाच. सेरियानाच्या दरीतलं ऊन
वर सरकून चेस्टनटच्या शेंड्यांना लागलेलं,
आणि खाली ओर्नेल्लाच्या हातात
पंधरा मिनिटं.

अ‍ॅक्सल निघाला. चाक जुन्या पिंपावर आडवं,
डिस्कला ओरखडा नाही. बरं.
रिमलॉकचा नट आधी. सैल कर, पुरता काढू नकोस,
हे मी म्हणेपर्यंत तिचं झालेलं.
मग बुटाची टाच कडेवर रोवून
ती टायरवरून गोल फिरली, मळणीच्या बैलासारखी,
आणि कड सुटली,
चिखलातून पाय निघावा तशी.

पहिली पट्टी. दुसरी चार बोटांवर.
हावरटपणा नको, एका घासाला चार बोटं.
तिसरी गुडघ्याखाली दाबलेली.

बात्तिस्ताकडे मी शिकलो तेव्हा
तो काही सांगायचाच नाही.
चुकलं की ओलं फडकं पाठीत.
सोळा वर्षांत एकच वाक्य बोलला असेल:
जोर लागतोय? म्हणजे चुकतंय.

जुना टायर गेला बाजूला, गाठी झिजून गुळगुळीत,
दोनशे किलोमीटर दगड चावलेला.
आता नवा.
ट्यूब नसते हल्ली. आत फोमचं जाड कडं,
ते पंक्चर होत नाही
म्हणून शरणही येत नाही.
कोपरापर्यंत साबण. एक बाजू बसली.
दुसरी बसत आली, बसत आली,
राहिली शेवटची वीत.

सगळी भांडणं त्या वितीत असतात.

पट्टी सटकली. हनुवटीवर लागली.
रक्त, साबण, आणि ती पुन्हा वाकलेली.
मी ओरडलो, समोर बघ! समोरची कड!
रिमच्या मधल्या पन्हळीत उतरव तिला,
तिकडे खोल गेली की इकडे सैल मिळतं,
गुडघा टाक, अगं गुडघा

पापा, गप्प.

मान वर न करता.
मी गप्प.

तिनं खिशातून काहीतरी काढलं.
आखूड, वाकडं, आकडीसारखं.
समोरची कड खाली दाबली,
आकडी स्पोकला अडकवली,
कड तिथंच राहिली. गुडघा मोकळा.
हे माझ्या वर्कशॉपमधलं नव्हे, म्हणालो मनात,
आणि मग ओळखलं:
गेल्या हिवाळ्यात मी भंगारात टाकलेला
तिच्याच बाइकचा मोडका क्लच लिव्हर,
तापवून वळवलेला, कानशीनं घासलेला.
कधी केलंस? रात्री?
मी झोपल्यावर?

शेवटची वीत
एका हातानं आत गेली.
जोर लागला नाही.

बाण बघितला तिनं, फिरण्याच्या दिशेचा.
रिमलॉक आवळला. चाक चढवलं, साखळी ओढली,
अ‍ॅक्सलचा नट, आणि वर एक थाप, घोड्याला देतात तशी.
अजून तीन मिनिटं शिल्लक होती.
ती बाटलीतलं पाणी अर्धं प्यायली,
अर्धं हनुवटीवर ओतलं.

पिवळ्या जाकिटातला पंच माझ्याकडे आला.
वाटलं, बोललो त्याचा दंड.
तो म्हणाला, सिन्योर, दोरी सोडा.

खाली पाहिलं. माझ्या मुठीला तिचे तीन वेढे,
आणि दोन्हीकडच्या खुंट्या
माझ्याकडे कललेल्या.