देवीचा वण

चेंदवणकर सरांनी रोम पाहिलं नव्हतं.
पाहिलं ते एका जर्मन कॅलेंडरवर,
बारा पानं, त्यातली चार वाळवीनं नेलेली.
उरलेल्या आठ महिन्यांवर त्यांनी
ठाण्यात, खारकर आळीत,
पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यात
चाळीस वर्षं काढली.

मी जायचे मंगळवारी, शुक्रवारी.
खालून पीठ उडायचं.
वर प्लास्टरचं नाक फुटलेलं मुंडकं, सर, आणि मी.
तासाभरात पुतळा कोण ते कळायचं नाही.
"आधी रेषा बांध. रंग काय, उद्याही येईल."
रबर मिळायचं नाही, पावाचा गर मिळायचा.
चुकलं की पुसायचं, भूक लागली की खायचं.
मी बरीच जाड झाले त्या वर्षी.

सेनापती व्हायला चेंदणी बंदरावरून
नाखव्यांचा पद्माकर यायचा,
सव्वा रुपया आणि चहावर.
हातात तलवार म्हणून वल्ह्याचा तुकडा,
अंगावर चादर, वेड्यांच्या इस्पितळातली, बाद झालेली.
बाई तिथं नर्स होत्या.
शिक्का आत दुमडून
सर अर्धी सकाळ नुसत्या चुण्या पाडत बसायचे.

पद्माकरच्या दंडावर देवीचे दोन वण होते,
जुन्या चार आण्यांएवढे.
मी मन लावून काढले.
सरांनी पावानं पुसले.
"वीराला वण नसतो."
"पण आहे ना, सर."
"आहे ते कुणालाही दिसतं."

आता मी नौपाड्यात कवळ्या करते.
पुन्हा प्लास्टर, पुन्हा पांढरे हात.
हात कापत नाही, ही सरांची कमाई.
पण जुना फोटो मागून घेते, आणि
ज्याचा दात तिरका होता
त्याचा थोडा तिरकाच ठेवते.
डॉक्टर ओरडतात.
बायका आरशात बघून आधी गप्प होतात, मग हसतात.

गिरणी पाडायच्या आदल्या दिवशी
माळा उपसायला मला बोलावलं.
सेनापती सगळे कसर लागलेले.
मुंडक्याच्या मागे एक गुंडाळी:
बाई, देवतेसारख्या बसवलेल्या,
ड्यूटीवरून आल्यासारख्या दमलेल्या.
चादरीचा शिक्का बाहेर, उलटा, अक्षर न् अक्षर लागणारा.
रंग नव्हताच, नुसता कोळसा.
दंडावर दोन वण.

खिडकीशी नेऊन पाहिलं.
त्या दोन वणांभोवतीच कागद मळका होता,
फुगलेला, पावानं घासल्यासारखा.
पुसले होते.
मग पुन्हा काढले होते.