औसा ते केळशी, कॅलेंडरच्या पाठीवर

मकबूलभाईच्या ट्रकचं टायर खोललं तेव्हा
नक्षीच्या खाचेत वाळू निघाली, पांढरट,
आणि नखाएवढा एक शिंपला. अख्खा.
चिपळूणला तूरडाळ उतरवून
तो म्हणे जरा पुढं गेला होता, हातपाय धुवायला.
"समुद्रात?" मी विचारलं.
"मग काय तेरणेत?" तो म्हणाला,
आणि बोलण्याच्या नादात पंक्चरचे पैसे न देताच गेला.

शिंपला व्हॉल्व्हच्या डबीत टाकला.
सोळा वर्षं मी दुसऱ्यांची चाकं लांब धाडतोय.
माझी ओम्नी फार तर तुळजापूर.

त्या रात्री नोव्हेंबरचं पान फाडलं, उलटं केलं.
औसा. लातूर. मुरूड. ढोकी.
येडशीचा घाट, माकडं दिसली तर काचा वर.
बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी,
मग उजनी, उजव्या हाताला.
इंदापूर, बारामती, भोर.
वरंधा दुसऱ्या गिअरमध्ये, बोलणं बंद.
महाड. मंडणगड. केळशी.
पाचशेच्या आतबाहेर. पेन्सिलीनं खाली रेघ ओढली.

शिवकांता भाजीचे हात पुसत आली.
"तुम्ही नुसतं किलोमीटर मोजायलाव.
थांबायचं कुठं?"

पेन्सिल तिच्याकडं गेली.
ढोकीहून आत वळून तेर, तिनं लिहिलं.
सातवीच्या सहलीत तिथं काचेआड तिनं
शंखाच्या बांगडीचे तुकडे पाहिले होते.
हितं शंख कुठून आला, तिनं विचारलेलं.
गुरुजी म्हणाले होते, बैलाच्या पाठीवर, लई जुन्या काळी.
"बैल आला, आपल्याला काय धाड भरलीय?"

दुसरा थांबा: इंदापूरच्या पुढं कुठंही,
जिथं 'टायरवाल्याची का तुम्ही?' असं
कुणी विचारणार नाही, अशा टपरीवर चहा.
दोन कप. स्वतःच्या पैशानं.

तिसरा थांबा भोरच्या अलीकडं.
रस्ता मोकळा बघून गाडी ती हातात घेणार.
"तू?"
बंद पडलेल्या जिनिंगच्या मैदानात
भावाकडून शिकली होती, दोन महिने, दुपारी,
मी दुकानात असताना.
आणि मी क्लचप्लेटवाल्याला शिव्या घालत होतो.

निघायचं वेळामवस्येच्या दुसऱ्या दिवशी.
रानातून उरलेले उंडे, थोडी भज्जी,
आंबिल एका कॅनमध्ये; घाटापर्यंत आणखी आंबेल,
तशीच चांगली लागते.
तोवर ज्वारी निसवलेली असेल दोन्ही बाजूंनी,
करडईला काटे धरले असतील,
सकाळी हरभऱ्यावर दहिवर.
काळी जमीन कुठं संपते आणि
तांबडी कुठं लागते ते बघायचंय मला.
मकबूलभाई म्हणतो, कळत नाही, गाडी चालूच असते.
म्हणून खिडकी उघडी. धूळ आली तर आली.

ईश्वरी झोपली नव्हती.
लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली जन्मलेली पोरगी.
अजून पेला विसळलेलं पाणी मोरीत न टाकता
तुळशीला घालते, कुणी सांगितलं नसताना.
तिनं विचारलं, तिथं दिवसाआड सुटतं का?
मी म्हणालो, तिथं रोजच असतं. रात्रीसुद्धा.
"बंद कोण करतं मग?"
शिवकांता हसली. मला हसू आलं नाही.

सकाळी दुकान उघडायच्या आधी कागद घडी करायला घेतला.
सगळ्यात खाली, वेड्यावाकड्या अक्षरात, एक ओळ जास्तीची:
रिकामे कॅन – चार.

खारट असतं गं ते, कुणी पीत नाही,
असं सांगायला मी घरात वळलोही होतो.
मग कागद पुन्हा टेबलावर ठेवला.
वीस लिटरचा एक. चार म्हणजे ऐंशी किलो,
सगळं वजन मागच्या बाजूला.
पेन्सिलीला टोक केलं आणि तिच्या ओळीखाली लिहिलं:
परतताना मागच्या चाकांत
दोन पौंड हवा जास्त.