डावीकडचं पॅड

मंगळवारी ते कमी ऐकू लागलं.
बुधवारी कडेला मारलं तर बोलायचं,
मधोमध मारलं तर घुम्यासारखं गप्प.
गुरुवारी गेलंच.

मी ट्राम चालवते, हेरवान्ता ते टाम्पेरेचा चौक
आणि परत. दिवसभर दारं उघडतात, दारं मिटतात,
कुणी माझ्याशी बोलत नाही, तसा नियमच आहे.
घरी आले की हेडफोन चढवते आणि बडवते.
रबरावर. सभ्यपणे. रात्री दहाच्या आत.

आता गंमत बघा:
पॅड मेलं तरी काठीचा ठोका
साऱ्या खोलीला ऐकू येतो,
खुर्चीला, काचेला, खालच्या मजल्याला.
फक्त मला नाही.
अशा वेळी माणूस काय करतो?
अजून जोरात मारतो.

शुक्रवारी दार वाजलं. खालचा उर्पो,
पायात लोकरी मोजे, हातात काही नाही.
दोन वर्षांत जिन्यात चारदा मान हलवली असेल आम्ही.
मी माफीचे शब्द जुळवत होते.
तो म्हणाला, "तीन दिवस झाले,
डाव्या हाताने फार जोरात मारतेयस.
कुणावर राग आहे,
की काही बिघडलंय?"

पाच स्क्रू. त्यातला एक आधीपासूनच नव्हता.
आत फोमचा शंकू, मक्याच्या पिठासारखा भुगा झालेला,
आणि खाली ती: पितळेची चकती,
एक युरोच्या नाण्याएवढी,
पोटावर पांढरा गोल, लाल तार उखडून लोंबणारी.
उर्पोने ती खिडकीच्या उजेडात धरली.
मार्च संपत आला तरी बाल्कनीत बर्फ होता,
उजेड भरपूर.
"तार नुसती तुटली असती तर डाख देऊन भागलं असतं.
ही तडकलीय. पापडासारखी."

खाली जाऊन आला तो
धुराचा जुना भोंगा घेऊन, पिवळा पडलेला.
"ऐलीचा," म्हणाला.
"म्हणजे छताचा. पण वाजवायची ती.
दर रविवारी, राय-पाव करपवून."
तिच्याबद्दल एवढंच.

भोंगा फोडला तर आत तशीच चकती.
मला वाटलं होतं, इतकं ओरडणाऱ्याच्या पोटात
काहीतरी रागीट निघेल.
"वीज दिली की थरथरते, म्हणजे ओरडते.
थरथरवली की वीज देते, म्हणजे ऐकते," उर्पो म्हणाला.
"वस्तू तीच."

एकतीस वर्षं त्याने लोकांचे टीव्ही दुरुस्त केले,
आता हात कापतात.
म्हणून डाख मी दिला आणि आकडे त्याने मोजले:
युक्सी, काक्सी, उचल!
तिसऱ्या आकड्याला चकती भाजते.
पहिला थेंब गोळी होऊन टेबलावर घरंगळला.
दुसरा बसला, तारेला ओढताच निघाला.
राळेच्या धुराने दोघांचे डोळे पाणावले,
किंवा आपण धुराने म्हणू.
तिसरा धरला.

भांडी घासायच्या स्पंजाचा शंकू कापला,
हिरवी खरबरीत बाजू सोलून.
पॅड मिटलं. चार स्क्रू.
मारलं, तर बोललं!
आणि उजवीकडची झांज, जिला कुणी शिवलंही नव्हतं,
तीही खणखणली.
लेकी बोले सुने लागे.
बटण फिरवत फिरवत तिची समजूत काढावी लागली.

मग मी हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले
आणि माझी तीन गाणी वाजवली, एकामागून एक,
स्वतः काहीच न ऐकता.
नुसते ठोके. त्याच्या घरात पोचतात तेवढेच.

तो बराच वेळ बसून राहिला.
"मला वाटायचं," म्हणाला,
"तू दोन वर्षं एकच गाणं वाजवतेयस."

जाताना भोंग्याचं रिकामं टरफल परत मागितलं त्याने.
नवा भोंगा बसलाय, जरा बाजूला,
पण जुन्याच्या जागी छतावर
गोल डाग राहिलाय. तो झाकायला.

पावणेदहाला मी डाव्या हाताने हळू मारलं.
हाताला सवय राहिली नव्हती.
फारच मोठ्याने आलं.
त्याहून हळू मारलं.