सतरा नंबरचा टॉवर

पाटोद्याच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या माळावर
मी एक हिवाळा आभाळ मोजत बसलो होतो.
सकाळी सहा ते दहा, दुपारी तीन ते अंधार पडेपर्यंत.
एक दुर्बीण, एक वही
आणि शेख मैनोद्दीनच्या टेम्पोतून आलेली प्लास्टिकची खुर्ची.

अहवाल कायद्याला नको होता,
कर्ज देणाऱ्या बँकेला हवा होता.
कोणतं पाखरू, किती उंचीवर, किती सेकंद.
पात्यांच्या खाली, पात्यांत, पात्यांच्या वर.
तीन रकाने.

वारा मोजणारा खांब माझ्याआधी दोन वर्षं उभा.
त्याच्या ताणाच्या तारेवर वेडे राघू बसत.
बसलेले मोजायचे नव्हते.

"तिकडं कामून बघता?" गोजरबाई हाके म्हणाली.
"निजायला तर आमच्या पडीकात येतात."
मेंढरं पोराच्या हवाली करून
ती मला कुसळीत घेऊन गेली.
गवत जागोजाग दबलेलं,
ताटलीएवढं, ताटलीएवढं.

संध्याकाळी भोवत्या ससाणे आले.
दिवसभर गवताला घासून उडणारे,
निजण्याआधी मात्र वर चढले, आणखी वर,
दार लावण्याआधी कुणी एकदा गल्ली बघून घ्यावी तसे.
एकतीस.
सगळे मधल्या रकान्यात.

मी लिहिलं. वेळ, उंची, नकाशावर ठिपका.
पुण्याच्या ऑफिसात तो ठिपका कुणी वाचेल
असं मला खरंच वाटलं नव्हतं.
सतरा नंबर आठशे मीटर सरकला,
पूर्वेला, सरपंचाच्या मेहुण्याच्या मुरमाड तुकड्यावर.

टॉवर गोजरबाईच्या पडीकात येणार होता,
हे मला माहीत होतं.
तिनं त्या पैशात बोअर मारून झाला होता,
धाकटीची नर्सिंगची फी भरून झाली होती,
हे मैनोद्दीननं परतीच्या वाटेवर सांगितलं,
गिअर बदलता बदलता.

दोन वर्षांनी परत गेलो.
आता काम पात्यांखाली मेलेलं शोधायचं.
सतरा नंबरखाली एक वटवाघूळ, वाळलेलं. बाकी काही नाही.

तिनं चहा ठेवला.
"येतात की. औंदा चाळीसावर गेले.
मीच मोजते आता."
मग टॉवरकडं न बघता,
"सकाळची सावली तेवढी येती आमच्यात.
फुकट."

दिवस कलला.
कुसळीवरून पहिला ससाणा वर चढला.
माझी वही पिशवीतच होती.
"लिहा की," ती म्हणाली.